सामानात हरवलेले बाळ

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जोडपे नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन युरोपची यात्रा करून आले. परतल्यावर पंधरा दिवस त्यांच्या घरी आप्तेष्टांची रीघ लागली होती आणि ऐकणाऱ्यांची हसून हसून पुरेवाट होत होती. असिसीच्या चढावर बाबागाडीचे चाक निखळले, तेव्हा रस्त्याचे काम करणाऱ्या एका गवंड्याने ते स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याने बांधून दिले आणि पुढचा सारा दिवस तो एका हाताने विजार सावरीत होता. लूर्दला पवित्र जलासाठी घेतलेल्या बाटलीत ऐनवेळी दूध भरावे लागले. रोममध्ये एका म्हाताऱ्या बाईने भर उन्हाळ्यात बाळाच्या डोक्यावर टोपरे नाही म्हणून आईला चौकात उभे करून अर्धा तास बोल लावले; भाषा कळत नव्हती, पण बोल कळत होते! आम्ही म्हणालो, हे जसेच्या तसे लिहून द्या, त्रैमासिकात छापू. महिन्याभराने हस्तलिखित आले. अक्षर सुंदर होते. त्यात बॅसिलिकांच्या घुमटांची उंची होती, मूर्तिकारांची नावे होती, प्रार्थनास्थळांचा इतिहास होता. बाळ मात्र त्यात कोठेच नव्हते. आम्ही पृच्छा केली तेव्हा लेखिका संकोचून म्हणाली, "बाळाचे काय लिहायचे? ते घरगुती झाले."

हा 'घरगुती' शब्द तेव्हापासून आमच्या मनात घर करून राहिला आहे. जे घरात सांगताना माणसे गडबडा लोळतात ते कागदावर उतरवताना गाळावेसे का वाटते? हा प्रश्न त्या एका हस्तलिखितापुरता नाही. विनोदी प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचेच हे एक जुने दुखणे आहे, असे आम्हांला वाटते. ते तपासून पाहण्याचा या लेखात विचार आहे.

मराठीत परदेशप्रवासाची पुस्तके थोडीथोडकी नाहीत. १९६० साली आलेल्या 'अपूर्वाई'त पु. ल. देशपांडे यांनी आपल्या पत्नीसह केलेल्या विलायतेच्या प्रवासाचे जे वर्णन केले, त्याने मराठी वाचकाला परदेशात कसे हसावे आणि कोणाला हसावे याचे वळण लावले. परदेशात गांगरलेला मध्यमवर्गीय मराठी माणूस स्वतःकडेच पाहून हसतो, हे त्या पुस्तकाचे सामर्थ्य. पण ते जोडपे सडेफटिंग होते. आपल्या समाजापुरते बोलायचे तर दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' लिहून आपल्याला प्रभूच्या भूमीत हिंडवून आणले. पण धर्मगुरूच्या प्रवासवर्णनात बाबागाडी शोधण्याइतके आम्ही अविचारी नाही. मूल बरोबर घेऊन समुद्र ओलांडणारी पहिली मराठी ख्रिस्ती लेखिका म्हणून पंडिता रमाबाईंचेच नाव डोळ्यांपुढे येते. १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या आणि त्या प्रवासाची हकिगत त्यांनी मराठीत लिहिली. मात्र विधवा बाईने कडेवर मूल घेऊन बोटीवर चढणे हे त्या काळी विनोदाचे प्रकरण नव्हते.

तेव्हा या विषयासाठी आम्हांला परभाषेकडे वळावे लागले. दोन पुस्तके आम्ही समोर ठेवली. दोन्ही विनोदी आहेत, दोन्हींत लेखक पत्नी आणि तान्ही मुले घेऊन देश सोडतो आणि दोन्ही पुस्तके रोमला, म्हणजे आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणात, येऊन पोहोचतात. दोहोंमध्ये अंतर आहे एकशे साठ वर्षांचे.

पहिले पुस्तक चार्ल्स डिकन्सचे 'पिक्चर्स फ्रॉम इटली'. १८४४ च्या जुलैत बत्तीस वर्षांचा हा कादंबरीकार एक जुनी, भली थोरली बग्गी विकत घेऊन इटलीला निघाला. बग्गीत तो स्वतः, पत्नी कॅथरिन, मेव्हणी जॉर्जिना, पाच मुले, दाया-नोकर, वाट दाखवणारा एक फ्रेंच गडी आणि टिंबर नावाचा कुत्रा. थोरला मुलगा सात वर्षांचा आणि धाकटा फ्रान्सिस जेमतेम सहा महिन्यांचा. जेनोआत वर्षभर बिऱ्हाड करायचे आणि तेथून इटली पाहायची, असा बेत होता. लेखकाच्या आयुष्यात याहून मोठे विनोदी भांडवल कोणते असू शकेल?

आणि आरंभी ते भांडवल डिकन्स मनसोक्त उधळतो. फ्रान्समधल्या वाटेवर ही बग्गी घुंगरांचा आणि चाबकाचा कडकडाट करीत एका गावच्या उतारशाळेपुढे येऊन उभी राहते, तो प्रसंग आम्ही अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी हसलो आहोत. दार उघडते. उतारशाळेचा मालक, मालकीण, नोकरचाकर हात जोडून उभे. पहिली बाई उतरते: काय सुंदर बाई! दुसरी उतरते, ती पहिलीची बहीण निघते: अहाहा! मग मुले एकेक करून बाहेर येऊ लागतात आणि प्रत्येकागणिक यजमानांचा आनंद चढत जातो. अखेर बाळाला बाहेर दिले जाते आणि तेथे कडेलोट होतो; आतापर्यंतची सारी वाहवा फिकी पडते, सगळा गाव त्या बाळावरून ओवाळून टाकल्यासारखा होतो. त्यामागून दोन दाया धडपडत उतरतात आणि ते अख्खे कुटुंब जणू ढगावर बसवून माडीवर नेले जाते. रिकामटेकडे लोक मागे राहून बग्गीला हात लावून पाहतात, कारण इतकी माणसे पोटात घेऊन आलेल्या बग्गीला हात लावणे ही नातवंडांना सांगण्यासारखी गोष्ट आहे! यात खोचक असे काही नाही. यजमानांची अतिशयोक्ती आणि बग्गीतली गर्दी दोन्ही सारखीच हास्यास्पद आहेत. हसणारा आणि ज्याला हसायचे तो, दोघेही एकाच अंगणात उभे आहेत.

पण माडीवर गेलेले ते बाळ पुढे पुस्तकात पुन्हा भेटत नाही म्हटले तरी चालेल. जेनोआ आले की कुटुंबाचे बिऱ्हाड लागते आणि कुटुंबप्रमुख एकटा हिंडू लागतो. मुले दायांपाशी राहतात. १८४५ च्या आरंभी रोम आणि नेपल्सच्या प्रवासात कॅथरिन त्याच्यासोबत असते, पण वाचकाला तिची चाहूल क्वचितच लागते. ज्या बग्गीने आपल्याला इतके हसवले ती आता कोठेतरी तबेल्यात उभी आहे आणि लेखक मोकळ्या हातांनी, मोकळ्या पायांनी, पाहुण्याच्या डोळ्यांनी गावे पाहत चालला आहे. मार्क ट्वेन याने तर ही युक्ती शेवटास नेली. १८७८-७९ मध्ये पत्नी आणि दोन लहान मुलींना घेऊन तो युरोपात हिंडला आणि १८८० साली जे 'अ ट्रॅम्प अब्रॉड' छापले त्यात पायी भटकणारा एक रिकामा गृहस्थ आणि त्याचा सोबती एवढेच शिल्लक ठेवले. मुली, आई, दाई, सारी सामानासह गायब!

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. लेखकाने आपले खासगी आयुष्य झाकून ठेवले तर तो त्याचा अधिकार नव्हे काय? अधिकार आहे, हे आम्ही मान्य करतो. पण बाळ गेले की हसण्याची दिशा बदलते, असा आमचा अनुभव आहे आणि तो सांगण्यासाठी डिकन्सच्या मागोमाग रोमला जाणे भाग आहे.

रोममधला पवित्र सप्ताह डिकन्सने १८४५ साली पाहिला. त्याविषयी त्याने जे लिहिले ते वाचून आपल्यापैकी अनेकांच्या भावना दुखावतील, यात शंका नाही. पवित्र जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या गुडघ्यांवर चढणारे भाविक त्याला ओंगळ आणि हास्यास्पद वाटले. खांद्यांवरून वाहिल्या जाणाऱ्या आसनात बसलेले पोप सोळावे ग्रेगरी हेलकाव्यांनी डोळे मिटून घेतात, तेही त्याने टिपले आहे. पुस्तकासाठी चित्रे काढण्याचे आधी कबूल केलेला त्याचा स्नेही, कॅथलिक चित्रकार क्लार्कसन स्टॅनफील्ड याने मजकुराचा रोख पाहून अंग काढून घेतले. मग सॅम्युअल पामरची चार चित्रे घालून १८४६ साली पुस्तक निघाले. प्रस्तावनेत डिकन्सने कॅथलिक वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये असे आवर्जून म्हटले आहे, पण म्हटल्याने गैरसमज टळतोच असे नाही. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. स्टॅनफील्डने मैत्री तोडली नाही. पुढे डिकन्सने आपली 'लिटल डॉरिट' ही कादंबरी त्यालाच अर्पण केली. कामाला नकार आणि माणसाला होकार, हे त्या चित्रकाराला साधले. आमच्या सभासंमेलनांत हे पाहायला मिळाले तर आम्हांला आनंद होईल.

आम्ही स्वतः डिकन्सवर सरसकट रागावू इच्छीत नाही. हलणाऱ्या आसनात माणसाला गरगरते, मग तो पोप का असेना, आणि ते पाहून हसू येणे हा अधर्म नव्हे. शिवाय पवित्र गुरुवारच्या त्याच्या वर्णनातला उत्तम विनोद ख्रिस्तसभेवर नसून इंग्रज पाहुण्यांवर आहे. पोप तेरा जणांचे पाय धुतात, नंतर त्यांना जेवू घालतात आणि ते पाहण्यासाठी त्याचे देशबांधव एकमेकांना कोपराने ढकलीत पुढे घुसतात. एका गृहस्थाला प्रेषितांच्या मेजावर मोहरीचे भांडे आहे की नाही एवढाच ध्यास लागलेला आहे आणि तो टाचा उंचावून आसपासच्यांना तेच विचारीत सुटला आहे! प्रभुभोजनाच्या स्मरणसोहळ्यात जाऊन मोहरी शोधणारा हा माणूस आम्हांला चांगला परिचयाचा आहे. आमच्याकडच्या यात्रांनाही तो हजर असतो. हल्ली त्याच्या हाती कॅमेरा असतो.

जेथे डिकन्स चुकतो ते स्थळ निराळे आहे. रोममध्ये कॅपिटॉलच्या टेकडीवर आराचेली नावाचे मंदिर आहे आणि तेथे बाल येशूची एक लाकडी मूर्ती पूजिली जात असे. गेथशेमानेच्या जैतुनाच्या लाकडात ती कोरली, अशी परंपरा सांगते. रोमच्या आया त्या बाल येशूला आपला म्हणत, आजाऱ्यांच्या घरी तिला नेले जाई, जगभरची मुले तिला पत्रे लिहीत. (१९९४ च्या फेब्रुवारीत ती मूर्ती चोरीस गेली, आता तेथे तिची प्रतिकृती आहे आणि पत्रे अजूनही येतात.) डिकन्सने ही मूर्ती पाहिली आणि तिचा चेहरा त्याला त्या काळच्या एका प्रसिद्ध अमेरिकन बुटक्या नटासारखा दिसला. अंगभर जडवलेल्या रत्नांवर तो हसला. आणि मग त्याने सांगितले की, एखादी बाई बाळंतपणात अडली की या बाहुलीला घाईघाईने बोलावणे धाडतात, ती गाडीत बसून येते आणि अशा वेळी ते सोंग दारात पाहून बिचारी रोगीण आणखीच घाबरते.

संपूर्ण पुस्तकात सविस्तर रंगवलेले बाळ जर कोणते असेल तर ते हे लाकडी बाळ! जिवंत बाळ जेनोआत दायांपाशी होते. आणि तारखा जुळवून पाहिल्या तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. डिकन्स दांपत्याचे सहावे अपत्य २८ ऑक्टोबर १८४५ रोजी जन्मले. म्हणजे पवित्र सप्ताहात रोममध्ये त्याच्यासोबत असलेली कॅथरिन गरोदर होती. अडलेल्या बाळंतिणीवर विनोद करणाऱ्या लेखकाच्या शेजारी कोण उभे होते हे त्याच्या वाचकांना कळण्याची सोय त्याने ठेवली नाही. आमची तक्रार मूर्तीच्या अपमानाची नाही. मूर्तीला स्वतःची काळजी घेता येते. तक्रार अशी की, बाळंतपणाच्या खोलीत काय चालते याची ज्याला सहा वेळा दाराबाहेर उभे राहून माहिती झाली होती, तो ती माहिती बाजूस ठेवून लिहीत होता. उतारशाळेच्या अंगणात बाळाला हातोहात घेणारे ते फ्रेंच लोक आणि रोमच्या मंदिरात बाल येशूपुढे गुडघे टेकणारे लोक यांच्यातले साम्य बग्गीतल्या डिकन्सला दिसले असते. पायी फिरणाऱ्या डिकन्सला ते दिसले नाही.

जाता जाता सांगायला हरकत नाही की, बग्गीतले ते बाळ, फ्रान्सिस, मोठेपणी आपल्याच देशात आले. १८६४ च्या सुमारास तो बंगालच्या घोडदळ पोलिसांत दाखल झाला. त्याच बग्गीत बसलेला त्याचा भाऊ वॉल्टर ३१ डिसेंबर १८६३ रोजी कलकत्त्यात वारला होता, अवघ्या बाविसाव्या वर्षी. पुस्तकातून गाळलेली मुले कोठे कोठे पोहोचली!

आता दुसरे पुस्तक. अँथनी डोअर हे नाव आज 'ऑल द लाइट वी कॅनॉट सी' या कादंबरीमुळे सर्वत्र झाले आहे. तिला २०१५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण त्यापूर्वी, २००७ साली, त्याचे 'फोर सीझन्स इन रोम' हे लहानसे पुस्तक आले होते. पत्नी जुळ्या मुलांना जन्म देते आणि ज्या दिवशी ही चौघे रुग्णालयातून घरी परततात, त्याच दिवशी एक पत्र हाती पडते: रोममध्ये वर्षभर राहण्यासाठी शिष्यवृत्ती, लिहिण्यासाठी स्वतंत्र खोली. २००४ च्या शरदात हे अमेरिकन कुटुंब रोमच्या जानिकोलो टेकडीवर येऊन उतरते. डोअर आला होता कादंबरी लिहायला. वर्षभरात ती लिहून होत नाही. का होत नाही, हेच या पुस्तकाचे कथानक आहे.

येथे बाळे सामानात नाहीत. सामान बाळांचे आहे. कोणते स्मारक केव्हा पाहायचे हे मार्गदर्शक पुस्तक ठरवीत नाही, दोन तान्ह्या पोरांची झोप ठरवते. जुळ्यांची गाडी रोमच्या अरुंद गल्ल्यांतून हाकणे हाच एक पराक्रम होऊन बसतो. भाषा येत नाही, म्हणून वाण्याच्या दुकानात हा विद्वान लेखक टोमॅटोची चटणी मागायला जातो आणि अर्ध्या वाटेवर परतताना त्याला उमगते की, आपण आतापर्यंत पपनसाची चटणी मागत होतो! इटालियन भाषेत दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, एवढाच त्याचा बचाव. पण या विनोदात मूर्ख ठरतो तो कोण, हे पाहावे. डिकन्सच्या रोममध्ये रोमकर विचित्र आणि लेखक शहाणा. डोअरच्या रोममध्ये सारे रोम शहाणे आणि लेखक तेवढा अडाणी. हा त्याच्या विनयाचा भाग असेलही, पण विनयापेक्षा गरजेचा भाग अधिक आहे. ज्याच्या हाती दोन रडणारी मुले आहेत त्याला परक्या गावावर हसणे परवडत नाही. त्याला औषधाचे दुकान हवे असते, दूध हवे असते, कोणीतरी गाडीचे एक टोक धरून चार पायऱ्या चढवायला हवा असतो.

आणि रोम त्याला ते सारे देते. खाटीक, पाववाला, भाजीवाला, वाटेने जाणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे गाडी अडवतात, जुळी का म्हणून विचारतात, गालगुच्चे घेतात आणि मुले कशी वाढवावी याचे न मागितलेले सल्ले देतात. आमच्या धर्मग्रामातल्या मुलीला टोपऱ्यावरून बोल लावणारी ती म्हातारी याच गोतावळ्यातली असली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या उतारशाळेत जे दृश्य डिकन्सने एकदाच रंगवून सोडून दिले, ते डोअरच्या पुस्तकात रोज सकाळी घडते.

डोअरला झोप येत नाही. हे पुस्तकाच्या उपशीर्षकातच नमूद आहे: जुळी मुले, निद्रानाश आणि जगाच्या इतिहासातली सर्वांत मोठी अंत्ययात्रा. तीन विजोड गोष्टी एका दोरीत ओवून हशा पिकवावा म्हणून त्याने हे उपशीर्षक दिले असावे. पण आम्हांला त्यात केवळ गंमत दिसत नाही. २००५ च्या वसंतात पोप जॉन पॉल दुसरे मरणशय्येवर होते. संत पीटरच्या चौकात लोक रात्रंदिवस जमले होते, पुण्यपित्याच्या खिडकीकडे पाहत. डोअर त्या जागरणाला जातो. तो आपल्या श्रद्धेचा म्हणून गेलेला नाही. घराजवळ काहीतरी मोठे घडते आहे म्हणून गेलेला शेजारी आहे. २ एप्रिलच्या रात्री पोपमहोदयांचे निधन झाले आणि ८ एप्रिलला अंत्यविधी झाला. १९८६ साली मुंबईत ज्यांनी त्यांना पाहिले होते, अशा आमच्या पिढीतल्या अनेकांना ते दिवस आठवत असतील. दूरदर्शन संचापुढे जपमाळ घेऊन आपणही जागलो होतो. पुस्तकाचे हे भाग वाचताना आमच्या मनात आले की, महिनोन्महिने दोन पाळण्यांशेजारी जागलेल्या माणसाला एका वृद्धाच्या उशाशी जागणाऱ्या गर्दीचे मन निराळे समजावून सांगावे लागत नाही. जागरण म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. जे करून काही हाती लागणार नाही, आपण जागे राहिलो म्हणून रोगी बरा होणार नाही की बाळ लवकर झोपणार नाही, तरी ज्याच्यापाशी बसून राहायचे असते, ते जागरण. डिकन्सच्या अंगी प्रतिभा डोअरच्या दसपट होती. परंतु पवित्र सप्ताहात रोमला येताना तो रात्री पोटभर झोपून येत होता.

याचा अर्थ डोअरचे पुस्तक निर्दोष आहे असा नव्हे. त्याची वाक्ये फार देखणी आहेत आणि ती देखणी आहेत हे त्यांना ठाऊक आहे. रोमचा प्रकाश, रोमचे पक्षी, प्लिनीच्या जुन्या ग्रंथातले वेचे यांची तो इतकी रेलचेल करतो की, मध्येच एखाद्या पोराने जोरात रडावे असे वाचकाला वाटू लागते. डिसेंबरात मुलांना घेऊन तो पँथिऑनमध्ये जातो, घुमटाच्या छिद्रातून बर्फ पडेल म्हणून वाट पाहत. प्रसंग सुंदर आहे, पण तेथे विनोद गारठतो. पत्नी मुलांचा निम्म्याहून अधिक भार उचलते, तिच्या तोंडी मात्र यावे तेवढे बोलणे आलेले नाही. जोडप्याच्या प्रवासात हसणारी माणसे दोन असतात आणि ती नेहमी एकाच गोष्टीला हसत नाहीत. तो भेद टिपला असता तर पुस्तक आणखी खरे झाले असते.

याहूनही एक उणीव आम्हांला जाणवली. लेखकाला लिहिण्यासाठी सवड मिळावी म्हणून मुले सांभाळायला एक फिलिपिनो बाई येते. डोअर तिच्याविषयी आपुलकीने लिहितो, परंतु पुस्तक तिच्या पाठीमागे तिच्या घरापर्यंत जात नाही. डिकन्सच्या बग्गीतून सर्वांत शेवटी धडपडत उतरलेल्या दोन दायांची नावे त्या पुस्तकात नाहीत. दुसऱ्याचे मूल कडेवर घेऊन परदेशी राहणे आणि आपले मूल मायदेशी आजीजवळ ठेवणे म्हणजे काय, हे वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला उलगडून सांगण्याची गरज नाही. कुवेतला, बहारीनला, मस्कतला गेलेल्या कितीतरी बायकांच्या पेटीत अशी प्रवासवर्णने बंद पडून असतील आणि त्यांतही हसण्यासारखे पुष्कळ असेल. अरब मालकिणीच्या पोराला झोपवताना आपल्याकडची पाळण्याची गाणी म्हटली आणि ते पोर पुढे तीच बोली बोलू लागले, अशी हकिगत आम्ही एका भगिनीच्या तोंडून ऐकली आहे. ती सांगताना तिला हसू आवरत नव्हते. मध्येच ती थांबली, तिने पाणी मागितले आणि मग पुन्हा हसू लागली.

बाळाला घेऊन परदेशी जाणाऱ्या जोडप्याची सर्वांत जुनी हकिगत आपल्याकडे मत्तयलिखित शुभवर्तमानात आहे आणि ती अवघ्या तीन ओव्यांची आहे. योसेफ रात्री उठला, बाळ आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशाला गेला, हेरोदाच्या मृत्यूपर्यंत तेथे राहिला, संपले. वाटेत बाळ रडले का, गाढव अडले का, मिसरी शेजारणींनी मरियेला काय सल्ले दिले, मत्तय सांगत नाही. त्याला दुसरे काही सांगायचे होते. पण भाविकांना ते गाळलेले हवे होते. म्हणून पुढे कथा रचल्या गेल्या, मरियेसाठी खजुराचे झाड वाकले, वगैरे. रोममध्ये दोरिया पाम्फिली यांच्या संग्रहालयात काराव्हाज्जोने रंगवलेले या प्रवासातल्या विसाव्याचे एक चित्र आहे. एक देवदूत पाठमोरा उभा राहून व्हायोलिन वाजवतो आहे. मरिया मान टाकून झोपली आहे, तिच्या छातीशी बाळ झोपले आहे. योसेफ तेवढा जागा आहे. म्हातारा, थकलेला, देवदूताच्या पुढे सुरावटीची वही धरून बसलेला आणि एका अनवाणी पायावर दुसरा पाय घाशीत असलेला. त्याच्या खांद्यामागून गाढव एक डोळा रोखून पाहते आहे. चित्रकाराला हे घरगुती वाटले नाही, किंवा वाटले म्हणूनच त्याने ते काढले.

ते हस्तलिखित आम्ही परत पाठवले आहे. सोबत चिठ्ठीत लिहिले की, घुमटांची उंची राहू द्या, पण गवंड्याचा पट्टा आणि लूर्दची बाटली कोठे गेली? टोपऱ्यासाठी बोल लावणाऱ्या आजीबाईंना निदान एक पान द्या. यजमानांनाही स्वतंत्रपणे लिहायला सांगा, दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर अधिक उत्तम. उत्तर अद्याप आलेले नाही. बाळ आता चालू लागले आहे आणि घरात एकही कागद जागेवर राहत नाही, असे कळते.